भाऊकीचा रोट

सुभद्राबाई माझी चुलतसासू. गुजरातेत, नवागामच्या खानदेशी वस्तीतल्या खोलीत साड्यांना टिकल्या लावता लावता तिची उमेदीची वर्षं सरली. मुलगा कुंदन कापडाच्या लूमवर मास्टर झाला, तेव्हा तिने हट्टाने गुजराती सोसायटीत भाड्याचा फ्लॅट घेतला. शेजारच्या गायत्रीबेनशी तिचं छान जमलं. इकडून कढीपत्ता, तिकडून खाखरे.

मग शहरात चोऱ्या सुरू झाल्या. चोर कोण, हे पोलिसांना ठाऊक नव्हतं, पण टीव्हीवाल्यांना सगळं ठाऊक! एका चॅनलवर रोज नवागामच्या गल्ल्या, खाली लाल पट्टी: ‘बाहेरून आलेल्यांच्या टोळ्या.’ त्यात एकदा माझे सासरे रामदास दिसले, कारखान्यातून डबा घेऊन परतताना. आम्ही पोट धरून हसलो. गायत्रीबेनने मात्र जिन्यात बोलणं टाकलं.

श्रावणात आम्हा खानदेशींची कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचा रोट, म्हणजे जाड पोळी, भाऊकीतच खायचा, परक्याला घासभरही द्यायचा नाही. सुभद्राबाईकडे सगळे जमलो, दार लावून पंगत बसली. एवढी माणसं, बंद दार! लोकांना काय वाटेल, हे आमच्यातल्या एकालाही सुचू नये?

दारावर थापा पडल्या. "दरवाजो खोलो, नहितर पोलीस बोलावीए!"

इकडे आड, तिकडे विहीर: उघडलं तर परके पंगतीत, न उघडलं तर पोलीस. कुंदन पुटपुटला, "माय, उघड. फ्लॅट जाई आपला."

तिने दार उघडलं. बाहेर सोसायटीची माणसं, पुढे गायत्रीबेन. तिने सासऱ्यांकडे बोट केलं, "आ ज माणस! टीवीमां हतो!"

सासरे पांढरेफटक पडले. सुभद्राबाईने ताटातला रोटाचा तुकडा उचलला.

"वहिनी, भाऊकीना शे तो! परकाले देवाना नही!" सासरे ओरडले.

"आते मी काय करू, भाऊ?" म्हणत तिने तो गायत्रीबेनपुढे धरला. "लो बेन, प्रसाद छे. जुओ, अमे चोर नथी." जन्मभर पाळलेला नेम तिने एका घरासाठी मोडला. माझा जीव तुटला.

गायत्रीबेन मागे सरली. "ना बा. कोण जाणे अंदर शुं नाख्युं होय."

विष नाही हे दाखवायला तो तुकडा सुभद्राबाईने स्वतःच तोंडात घातला आणि उंबऱ्यात उभ्या उभ्या, रडत रडत चावू लागली. समोर कोणीतरी मोबाईल धरून तिचं शूटिंग करत होतं.