आठ घरांच्या चाव्या

मे महिना लागला की जेसल पार्कमधली ती इमारत अर्धी रिकामी व्हायची. कुणी कोकणात, कुणी राजकोटला. नीलिमा मात्र जागची हलायची नाही. गिरगावातली खोली विकून भाईंदरला आलेल्या माणसांचं गाव म्हणजे गिरगावच, आणि तिथे आता राहिलंय कोण? मग जाणारे लोक चाव्या नीलिमाकडे ठेवून जायचे. यंदा आठ घरं होती. दाराशेजारच्या फळीवर, नावाची चिठ्ठी डकवून, आठ चाव्या टांगलेल्या. रोज सकाळी ती सगळीकडे जाऊन झाडांना पाणी घालायची आणि दहा जणांना ते ऐकवायची. "माझ्यावर सोडून जातात हो सगळे," असं कुरकुरत सांगायची, पण मनात अभिमान मावत नसे.

समोरच्या घरात रुक्मिणीमावशी राहायच्या. मूळच्या जवळच्याच काशीगावच्या. उभा जन्म भातशेतीत आणि मिठागरात गेलेला. जमीन गेली, नवरा गेला, मुलाने, यतीनने, हा फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतः नोकरीसाठी पुण्याला राहिला. दर मे महिन्यात नातवंडं यायची. यंदा त्यांना कसलासा क्लास लागला, म्हणून कुणी आलं नाही.

एका सकाळी मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. फळीकडे बघत म्हणाल्या, "मना येक चावी दे ना गो बाय. मी घालीन पानी."

"तुम्ही कशाला मावशी?"

"मिठागरात उनाळ्यात मान वर करायला सवड नसायची. आता दुपार सरता सरत न्हाय. भिंती अंगावर येतान."

नीलिमा हसली. "लोक विश्वासाने ठेवून जातात हो. एखादं झाड मेलं तर बोल मला लागेल. तुम्ही आराम करा, ऊन किती आहे!"

मावशी "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्या पुन्हा मागायला आल्या नाहीत, आणि नीलिमाच्याही ते पुन्हा मनात आलं नाही. आठ बंद घरांत ती रोज जात होती. समोरचं नववं घर उघडं होतं, तिथे जायचं तिला एकदाही सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

महिनाअखेरीस मावशींच्या दाराला दुधाच्या दोन दिवसांच्या पिशव्या लटकलेल्या दिसल्या. नीलिमाने बेल वाजवली, मग दार बडवलं. किती तरी वेळाने कडी निघाली. भर दुपारी घरात पडदे ओढलेले. मावशींचे केस पिंजारलेले, गाल बसलेले. "झोप येत न्हाय, खाववत न्हाय," एवढंच त्या बोलल्या. तिने तिथूनच यतीनला फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे, औषधाने उतार पडेल, पण यांना एकटं ठेवू नका. यतीन आईला पुण्याला घेऊन गेला. जाताना नीलिमाच्या हातात चावी देत म्हणाला, "काकू, आईकडे झाडंबिडं काही नाहीत. गॅसच्या मीटरचा माणूस आला तर तेवढं उघडून द्या."

मीटरवाला दोन आठवड्यांनी आला. तो गेल्यावर नीलिमा स्वयंपाकघरातली खिडकी लावायला वळली. ओट्याच्या कोपऱ्यात एक हिरवी प्लास्टिकची झारी होती. कोरी, किमतीचं लेबलही न काढलेली. घरात तुळससुद्धा नव्हती.

म्हणजे मावशींनी झारी आधी आणली होती, आणि मग त्या चावी मागायला आल्या होत्या. नीलिमा ओट्याला टेकून रडली. कुणाची कुंडी सुकेल म्हणून आपण एका माणसाला परत धाडलं, हे ओझं आता कुठे उतरवावं ते तिला कळेना.

तिने तिथूनच पुण्याला फोन लावला. "मावशी, चौथ्या मजल्यावरचे लोक अजून आले नाहीत. त्यांची चावी तुमच्यासाठी काढून ठेवलीय. बऱ्या होऊन या लवकर."



"आता न्हाय जमायचा गो बाय," मावशी म्हणाल्या. "तूच घाल पानी."