डब्यांचं तिकीट
सुकट भाजली की तो वास थेट मला विमानाच्या तिकिटापाशी नेतो. धाकटी बहीण मस्कतला बाळंत व्हायची होती आणि आईला वेळेत तिच्याकडे पोहोचवायचं काम माझं होतं. कधीच विमानात न बसलेली आई खारबावहून सुकटीचे आणि लाडवांचे डबे घेऊन निजामपुऱ्यात माझ्या घरी आली. शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात मी मोबाईलवर सगळी भाडी बघून सर्वांत स्वस्त विमान निवडलं. पैसे भरताना कळलं, त्यात फक्त हातातली पिशवी नेता येते. मोठ्या बॅगेचे पैसे धरले तर दुसरं विमान परवडत होतं. तिकडे गेले तोवर त्याचं भाडं वाढलं. परत आले तर पहिल्याचंही भाडं चढलेलं. "आई, डबे राहू दे ना." "रिकाम्या हातानी बालंतिनीकरं जातान काय, बाय? मंग माजं नको, डब्यांचंच तिकीट काड." मी हसले. ती हसली नाही. घट्ट बांधलेला डबा सोडून तिने पुन्हा बांधायला घेतला. शेवटी बॅगेसकट महागडं तिकीट काढलं. मस्कतहून परत आल्यावर विमानाबद्दल ती एक शब्द बोलली नाही, सुकट पुरली एवढंच म्हणाली. तेव्हा ती डब्यांसाठी अडून बसली होती की विमानाला भ्याली होती, हे मला आजही उमगलेलं नाही.