शंकेचं बटण

रंजनाताई पहिल्यांदा आमच्या हॉस्पिटलात आल्या, तेव्हा त्यांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट भिंतीतल्या प्लगपाशी उकिडव्या बसल्या आणि कान लावून ऐकत राहिल्या. कर्जतच्या त्या छोट्या हॉस्पिटलात मी एक्स-रे काढते. त्या आठवड्यात प्रत्येक फोटोवर आडवे पट्टे येत होते आणि विक्रेत्याचा माणूस "आता नवीनच घ्या" असं सांगून निघून गेला होता. "मशीन बरं हाय गं," ताई उठता उठता म्हणाल्या, "त्याला मिळणारी वीज थरथरतेय." त्यांनी पॉवर सप्लाय उघडला, आतला एक फुगलेला कपॅसिटर बदलला आणि पट्टे गेले. मी चहा मागवला, तर कप हातात घेऊन त्या खोलीभर फिरत राहिल्या. तो कप संध्याकाळी मला एक्स-रेच्या टेबलाखाली सापडला, अर्धा भरलेला.

त्या मूळच्या कळंबच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मुंबईत कितीतरी वर्षं हॉस्पिटलांची मशीनं दुरुस्त केली आणि पन्नाशीच्या जवळ आल्यावर परत आल्या. भिवपुरीला एक खोली भाड्याने घेतली होती. तिथे पलंगापेक्षा टेबल मोठं, आणि त्यावर सुट्या सर्किटांचा पसारा. नेरळपासून खोपोलीपर्यंत कुठल्याही दवाखान्यातून फोन आला, की स्कूटर काढून निघायच्या. फोनवर 'हॅलो' नाही की 'कशी आहेस' नाही. एकदम "त्या मॉनिटरची वायर हलवून बघ गं" इथूनच सुरुवात. जरा बसा म्हटलं तर म्हणायच्या, "लोकांच्या पायाला भिंगरी असते, माझ्या डोक्यात हाय. बसले तरी फिरतेच."

पट्टे गेले तरी आमचे फोटो दाणेदार यायचे, जुन्या मशीनचे येतात तसे. तेही ताईंना सहन होईना. चार-पाच महिने खपून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. शेजारच्या ठिपक्यांशी जो ठिपका जुळत नाही, तो मशीनचा गोंधळ समजून पुसून टाकायचा, असं त्याचं काम. मूळ फोटो दोनेक सेकंद पडद्यावर दिसायचा आणि त्याच्या जागी स्वच्छ फोटो यायचा. हाडं कशी नुकती धुऊन ठेवल्यासारखी! डॉक्टर खूश झाले. आणखी तीन दवाखान्यांनी तो बसवून घेतला, आणि नवी मुंबईची एक कंपनी तो विकत घ्यायला तयार झाली. करारावर सही तेवढी बाकी होती.

त्याच सुमारास खालापूरकडच्या एका गावातून अनसूयाकाकू आल्या. बांधावरून घसरून मनगटावर पडल्या होत्या. मी एक्स-रे काढला. फोटो स्वच्छ होता, हाड अखंड. डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी काकू परत आल्या तेव्हा हात सुजलेला, मूठ वळत नव्हती. या वेळी अंगठ्याखालच्या छोट्या हाडात फ्रॅक्चर उघड दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "हे हाड पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसतच नाही. कुणाचा दोष नाही यात."

ताईंच्या कानावर हे गेलं आणि तासाभरात त्या हजर. "पहिल्या दिवशीचा मूळ फोटो काढ." मी काढला. पडद्याला नाक लावून त्यांनी पाहिलं. दाण्यांच्या गर्दीत केसाएवढी एक रेघ होती. स्वच्छ फोटोत ती नव्हती.

"माझ्या प्रोग्रामनं हाडाची रेघ कचऱ्यात टाकली," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी चारही दवाखान्यांत जाऊन त्यांनी तो बंद केला. कंपनीच्या माणसाने फोनवर समजावलं, की हजारात एखादं असं व्हायचंच. "त्या एकीचं घर मला ठाऊक हाय," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. करार तिथेच मोडला.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे जाताना त्या मला सोबत घेऊन गेल्या. भाताची कापणी चालू होती. घरची सगळी माणसं शेतात आणि काकू प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ओटीवर. ताई उभ्याउभ्याच बोलल्या, "काकू, तुमच्या हाताची मोड मशीनला दिसली व्हती. माझ्या प्रोग्रामनं पुसली. चूक माझी हाय."

"दिसत व्हती, आन पुसली?"

"हो."

काकूंनी प्लास्टरचा हात मांडीवर सरकवून घेतला. मग म्हणाल्या, "हात माझा हाय म्हणून मी गप बसंन. दुसऱ्या कुणाची पुसू नको, बाय."

परतताना मी स्कूटरवर मागे बसले होते. भिवपुरीला ताईंच्या खोलीत पोहोचल्यावर मला राहवेना.

"ताई, ती रेघ मी पाहिली होती. पहिल्याच दिवशी. फोटो साफ व्हायच्या आधी क्षणभर दिसली होती."

त्या जागच्या जागी वळल्या. "मंग बोलली का नाय गं?"

"साफ फोटोत नव्हती ना. वाटलं, तुमच्या प्रोग्रामला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल."

मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. टेबलावरच्या वस्तू इकडच्या तिकडे करत राहिल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "रेघ पुसली ती एक चूक. तुझी शंका पुसली, ती मोठी."

त्यानंतरचे तीन महिने त्यांना ना जेवणाची शुद्ध होती, ना कपड्यांची. नवा प्रोग्राम घेऊन आल्या तेव्हा पडद्यावर एकाऐवजी तीन फोटो आले: मूळ, साफ केलेला, आणि तिसऱ्यात फक्त जे जे पुसलं गेलं ते. "झाडलेला कचरा दारात ठेवायचा. बघू दे सगळ्यांना." खाली एक बटण होतं, त्यावर मराठीत लिहिलेलं: शंका. ते दाबलं, की डॉक्टरांनी स्वतः तिन्ही फोटो पाहून नोंद केल्याशिवाय रिपोर्ट निघत नसे.

डॉक्टर वैतागले. "रंजनाताई, ओपीडीत चाळीस माणसं असतात. प्रत्येक वेळी मी आत येऊ?"

"या की. चार पावलं तर हायेत."

पहिल्यांदा मी ते बटण दाबलं तेव्हा काहीच निघालं नाही. डॉक्टर कपाळाला आठी घालून परत गेले. मी रडकुंडीला येऊन ताईंना फोन केला, तर त्या खूश! "चुकलीस ना? बेस झालं. पण बोललीस."

मागच्या वर्षी खोपोलीच्या एका दवाखान्यात, मशीनचं झाकण उघडं असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. आम्ही पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कळंबला त्यांच्या घरच्या शेताजवळ अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. घरी बसवत नव्हतं.

घोटा मुरगळलेले एक आजोबा आले. साफ फोटोत काही नव्हतं. तिसऱ्या फोटोत तिरपी, अस्पष्ट अशी एक रेघ वाटली. बाहेर ओपीडी भरलेली होती. मी बटण दाबलं. डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले आणि तिन्ही फोटो सावकाश पाहिले.

"फ्रॅक्चर नाही," ते म्हणाले. "हाडातून रक्तवाहिनी जाते, त्या खाचेची सावली आहे."

"बरं," मी म्हटलं.

ते उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. "पुन्हा असं काही वाटलं, तर बोलव."

मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.