रुमाल वर असेपर्यंत

शहरात, मस्तगड भागात एका दुकानासमोर कुणीतरी गरम तारेनं थर्माकोल कापत होतं. तो जळकट वास नाकात गेला आणि मी मनानं थेट मामांच्या गावी, केदारखेड्याच्या रानात पोचलो. तेव्हा दोन महिने खपून मी थर्माकोलचं बिनइंजिनाचं ग्लायडर बनवलं होतं, पण त्याला रिमोट कोणता लावायचा ते ठरत नव्हतं. हाताशी दोन होते: एक स्क्रीनवाला, नवाकोरा; दुसरा मित्राचा, रंग उडालेला. एक ठेवून दुसरा परत करायचा होता. रेंज तपासायला मामा ग्लायडर घेऊन तूर काढलेल्या रानातून चालत निघाले. मी रिमोटची दांडी हलवायची आणि शेपूट हलतंय तोवर त्यांनी रुमाल वर धरायचा, असं ठरलं. नव्या रिमोटला विहिरीपाशीच रुमाल खाली आला. मंग जुना लावला. मामा विहिरीपुढं गेले, बांध ओलांडला, सडकेजवळ ठिपक्याएवढे झाले, तरी रुमाल वरच. एकदम रुमाल खाली आला. संपली रेंज, असं मी धरून चाललो, तेवढ्यात मामांचा फोन वाजला. "हलूनच राह्यलंय, माझा हात दुखला म्हणून खाली घेतला. आता एवढं वापस कोण आणतंय? फेकतो." मी हो-न्हाई म्हणायच्या आत ते पांढरं ग्लायडर तापलेल्या काळ्या रानावरच्या गरम हवेनं उचललं गेलं आणि माझ्या बोटांच्या तालावर वळत माझ्याकडं येऊ लागलं. मागून मामा चपला हातात घेऊन पळत होते. आता कुणी मला विचारलं, रिमोट कोणता घेऊ, तर मी आधी विचारतो, विमान घेऊन लांबवर चालत जाणारं तुझ्याकडं कोण आहे?