धाकटीची रेघ

माझी धाकटी बहीण समुद्राकाठच्या एका शहरात नोकरीला आहे. तिचं काम काय, तर उद्या समुद्र कुठवर येईल ते बघून आज शहर कसं बांधायचं ते ठरवायचं. दवाखाना कुठं नको, रस्ता किती उचलायचा, खाडीकडची खारफुटी का तोडू द्यायची नाही. हे मला पाठ आहे, कारण आमचे वडील, आबा, आल्यागेल्याला हेच सांगतात. "पावणं, आमची धाकटी समुद्राला थोपवतीया." थोरली काय करते असं कुणी विचारलंच, तर म्हणतात, "ती हाय की हितंच."

मी हितंच आहे. कोल्हापुरात, चढावरच्या एका फ्लॅटमध्ये, शिवणकामाचं दुकान सांभाळत. आबा खाली नदीकडच्या गल्लीत, आमच्या जुन्या दोन खोल्यांत राहायचे. आई गेल्यापासून ते आणि त्यांची म्हैस. रोजचा डबा माझा, गुडघ्याला तेल चोळणं माझं, डॉक्टरकडं नेणं माझं. कौतुक तेवढं तिचं. जळत होते मी. सरळ सांगते, उगाच सोवळेपणा कशाला.

आमच्या घरात एक पद्धत होती. पूर ओसरला की भिंतीवर चिखलाची कड राहते, त्या कडेवर आबा गेरूनं रेघ ओढायचे. सगळ्यात वरची रेघ मागच्या मोठ्या महापुराची, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. देवावर नसेल इतका आबांचा त्या रेघेवर विश्वास. "ह्याच्या वर पाणी जात न्हाय," म्हणायचे, आणि पावसाळ्यात कॉट विटांवर चढवून, त्या रेघेच्या वर घेऊन निवांत झोपायचे. सगळी गल्लीच तशी. ज्याच्या त्याच्या भिंतीवर ज्याची त्याची रेघ, आणि तिच्यावर सगळी भिस्त.

मी दर पावसाळ्यात सांगायचे, "आबा, वर चला. पाण्याला काय रेघ वाचता येते?" तर म्हणायचे, "तू लई भित्री." नदीवरच्या पुलाच्या खांबांचा माशासारखा भाग बुडाला की आमच्याकडं मच्छिंद्री झाली म्हणतात. तेवढं पाणी चढलं तरी हा माणूस म्हशीला वैरण घालत बसलेला. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस यायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात धाकटी आली. लॅपटॉप घेऊन आबांजवळ बसली आणि त्यांना तिच्या शहराचा नकाशा दाखवला. निळा रंग म्हणजे पुढंमागं समुद्र शिरणार ती जागा. आबांनी शेजारच्या चौघांना हाका मारून बोलावलं. मी आत चहा करत होते. तूपण ये की बघायला, असं कोण म्हणणार होतं?

मग आबांनी मोठ्या ऐटीत तिला भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. ती म्हणाली, "आबा, ह्या येऊन गेलेल्या पाण्याच्या रेघा. आम्ही तिकडं अजून न आलेल्या पाण्याची काढतो." तिनं गेरूचा खडा घेतला, टाचा उंचावल्या आणि स्वतःच्या डोक्याच्याही वर एक रेघ ओढली. "इथवर येऊ शकतं. नदीकडची रानं बुजवून लोकांनी बंगले बांधले. पाण्यानं पसरायचं कुठं?"

आबा त्या रेघेकडं बघत राहिले, मग कॉटकडं. म्हणाले, "मग तर हलायला पायजे."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. हेच, अगदी हेच मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत होते. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

धाकटी म्हणाली, "चला माझ्याकडं." मी ट्रे तसाच खाली ठेवला. इतकी वर्षं डबे मी पोचवले, आणि आता बाप ही घेऊन जाणार. पण आबा हसले. "तुज्याकडं? तुजं घर निळ्यात हाय की. मघाशी तूच दावलंस." शेजारी हसले, तीही हसली. मग आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "थोरलीचं घर उंचावर हाय." बस, एवढीच माझी किंमत. समुद्रसपाटीपासूनची उंची.

म्हैस हातकणंगल्याला आत्याकडं पोचवली आणि आबांना वर आणलं. त्यांचं बघून गल्लीतली काही घरंही हलली. ऑगस्टमध्ये पाणी चढलं, होड्या फिरल्या, राहिलेल्या माणसांना छपरांवरून काढलं. आबा माझ्या बाहेरच्या खोलीत बसून धाकटीला फोन करायचे. भाकरी माझी खायची आणि गप्पा तिच्याशी.

पाणी ओसरल्यावर मी आबांना घेऊन खाली गेले. दार चिखलानं अडलेलं, खांदा लावून ढकललं. चिखलाची कड धाकटीच्या रेघेच्या वीतभर खाली होती. मी भिंतीला लागून उभी राहिले, तर ती माझ्या कपाळाशी आली. विटांवरची कॉट कोपऱ्यात उलटी पडली होती. आबा ह्या कॉटवर असते तर काय झालं असतं, हे मला तेव्हा खरं कळलं, आणि मी उंबऱ्यावरच बसले. तिच्या एका रेघेनं माझा बाप वाचला होता. माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्यानं वाचला नसता. तिचे पाय धरावेत असं वाटत होतं, आणि त्याच वेळी मी जळतही होते.

आबांनी खिशातून गेरूचा खडा काढला. दरवेळेसारखी रेघ तेच ओढतील असं मला वाटलं. त्यांनी खडा माझ्यापुढं धरला. "यंदाची तू वड."

"मी कशाला? तिलाच बोलवा की."

"पाणी येणार म्हणून तिनं सांगितलं. आलं तवा हितं कोण हुतं? वड."

मी उठले आणि चिखलाच्या कडेवर रेघ ओढली. जरा वाकडीच आली. आबांनी लांबून बघितली, मान डोलावली आणि लगेच म्हणाले, "आता फोटू काढ आन धाकटीला धाड. वीतभरच चुकलीस म्हणावं."

दोन्ही रेघा दिसल्या पाहिजेत, असं आबांचं म्हणणं. मी मोबाईल एका हातात धरला. दुसरा, गेरूनं माखलेला हात माझ्या रेघेवर ठेवला, आणि तोही फोटोत घेऊन पाठवला.