खिडक्यांचं गाऱ्हाणं

आमचे वालावलचे शेजारी अण्णा कुठल्याही कारागिराशी घासाघीस करत नसत. ते काम त्यांनी देवाकडे सोपवलं होतं. नव्या कामाआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. ती इतकी अंगवळणी पडलेली की झोपेतही कानावर ‘रे म्हाराजा’ आलं तर तोंडातून ‘व्हय’ निघेल. जन्मभर काजूचा व्यापार केलेल्या अण्णांनी हे बरोब्बर हेरलं होतं. कारागिराला समोर उभं करून ते देवाला घरदार, गुरंढोरं सांभाळायला सांगत आणि त्याच लयीत पुढे म्हणत, “...आणि ह्यो मिस्त्री ह्या काम अर्ध्या पैशात करून देवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मिस्त्रीच सगळ्यांत मोठ्याने ओरडे. मग जीभ चावे. पण देवापुढे शब्द गेलेला!

ह्याच युक्तीने त्यांच्या खिडक्या अडल्या. जुन्या फणसाच्या खिडक्यांना वाळवी लागली होती. एक झडप सुंभाने बांधलेली, दुसरीला वरवंट्याचा टेकू. पावसाची झड थेट अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, खाटेवर यायची आणि काकींना दमा. डॉक्टरांनी बजावलं होतं, ओल चालायची नाही. म्हणून काकींना नव्या सरकत्या खिडक्या हव्या होत्या.

खिडकीवाले येत, मापं घेत, हिशेब मांडत. काच, जाळी, बसवणावळ, जुनी चौकट काढायची मजुरी, वर गिलावा. अण्णा शांतपणे ऐकत. “जुनी काढूचे पैसे? अरे, अर्धी वाळवेनच काढल्यान, ते तिका दी!” सरकती खिडकी म्हणजे तर त्यांना पर्वणीच. “अर्धीच उघडता मां? मग पैसे पण अर्धेच.” शेवटी गाऱ्हाणं, शेवटी ‘व्हय म्हाराजा’. माणूस चहा पिऊन जाई तो जाईच. फोनसुद्धा उचलत नसे. कुडाळपासून शिरोड्यापर्यंत कुणी यायला तयार होईना, आणि काकी पावसाळाभर खाट ह्या भिंतीवरून त्या भिंतीला ओढत राहिल्या. मला अण्णांचा मनस्वी राग यायचा.

मग बांद्याचा एक मिस्त्री आला. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने दर सांगितला, अण्णांनी नारळ ठेवला, हात जोडले. तेवढ्यात काकी चहा घेऊन बाहेर आल्या.

“थांबा. आज गाऱ्हाणा मी घालतंय.”

काकींनी पदर खोचला. “बा देवा म्हाराजा! मिस्त्रीन सांगितल्यान त्याच पैशात खिडक्यो बसांदेत, आणि ह्या माणसाची पैशांची पेटी आत्ताच्या आत्ता उघडांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज अण्णांचा! मी कुंपणाशी उभी होते, हसून हसून खालीच बसले.

“आता देवाक काय सांगतल्यात?” काकींनी विचारलं. अण्णा उठले आणि त्यांनी पेटी उघडली.

खिडक्या बसल्या त्या दिवशी अण्णांनी बाहेरून बादलीभर पाणी काचेवर फेकलं. “पैसे मोजलंय. बघूक नको?” मग आत धावत जाऊन खाट चाचपली. खाट कोरडी होती. तरी, पंधरा दिवस पाणी फेकणं चालूच होतं. काच पुसून पुसून काकी वैतागल्या.

गेल्या पावसाळ्यात अण्णा अंथरुणाला खिळले. काकींनी आपली खिडकीकडची खाट त्यांना दिली. एके दुपारी मी पेज घेऊन गेले, तर त्यांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, माझ्या मागसून हिची खाट अशीच सुकी रवांदे रे म्हाराजा!”

‘व्हय’ म्हणायचं म्हणजे त्यांच्या जाण्याला होकार द्यायचा. उशाशी बसलेल्या काकींनी ओठ गच्च मिटून घेतले.

अण्णांनी थोडी वाट पाहिली. “...आणि त्या बांद्याच्या मिस्त्रीकडसून हजार रुपये तरी परत गावांदेत रे म्हाराजा!”

काकींना हसू फुटलं, आणि रडत रडत, त्या हसण्यातच निसटलं, “व्हय म्हाराजा!”

“बघ, म्हटलंस मां?” अण्णा डोळे मिटून म्हणाले. “आता फिटाफीट गो.”

दिवाळीआधीच ते गेले. मिस्त्रीने हजार रुपये परत केलेले नाहीत. खाट मात्र सुकी आहे.