एका हाताने वाचणाऱ्या काजमावशी

आमच्या डायलिसिस विभागात सहा खाटा आहेत. त्यातली खिडकीजवळची तिसरी खाट गेली साडेपाच वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात ते अकरा काजमावशींची. मी तिथली तंत्रज्ञ. वजन घ्यायचं, सुया टोचायच्या, यंत्र लावायचं, चार तास आकड्यांवर नजर ठेवायची आणि शेवटी माणसाला सोडवून घरी पाठवायचं, हे माझं काम. नवीन आलेला पेशंट बहुधा पहिला महिना छताकडे बघत काढतो आणि दुसरा घड्याळाकडे. काजमावशींनी पहिल्याच दिवशी सुया टोचून होताच उजव्या हाताने पिशवी ओढली, पुस्तक काढलं आणि मला म्हणाल्या, "ताई, तो दिवा जरा माझ्याकडे वळवता?"

मावशींनी एका शिवणाच्या दुकानात चौतीस वर्षं काजं केली. हाताने. शर्टाची, कोटाची, लहान मुलांच्या झबल्यांची. यंत्राने केलेलं काज दाखवलं की नाक मुरडायच्या. "याला दोन धुण्यांत दाढी फुटते," म्हणायच्या. शिक्षण सातवीपर्यंत. वाचनाचं वेड लागलं तेही दुकानातच. कपडा बेतायचे कागद जुन्या मासिकांतून कापलेले असत. दुपारी काम सैल पडलं की मावशी ते कागद उलगडून वाचत. पण कुठे गळा कापलेला, कुठे मुंढा. "खून कोणी केला, ते नेहमी बाहीबरोबर जायचं," असं त्या सांगायच्या आणि सगळा विभाग हसायचा. त्या वैतागानेच त्यांनी स्वतःच्या कमाईतून वाचनालयाची वर्गणी भरली होती.

आता डायलिसिसला बसलेल्या माणसाला एकच हात असतो. दुसऱ्या हातात दोन जाड सुया, त्यांना जोडलेल्या नळ्या, आणि चार तास तो हात हलवायचा नाही. मावशींचा डावा हात अडकलेला. एका हाताने जाड पुस्तक धरायचं कसं आणि पान उलटायचं कसं? मावशींनी त्यावर उपाय शिवला. वाळू भरलेली चपटी उशी, तिला पायाशी पुस्तक टेकायला दुमड, आणि पानं दाबून ठेवायला दोन्ही बाजूंना इलॅस्टिकच्या पट्ट्या. प्रत्येक पानाला पट्टी उचलायची, बोटावरच्या रबरी टोपीने पान सरकवायचं, पुन्हा पट्टी लावायची. "चार तासांतला एक तास पानांची हजामत करण्यात जातो," त्या म्हणायच्या, पण वाचायच्या.

वाचून झालेलं पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं आणि तिथून ते चौथ्या खाटेवर जायचं, तारमास्तरांकडे. हे गृहस्थ तार ऑफिसातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मोजून मोजून यांचे स्वतःचेही मोजकेच झाले होते. पुस्तक परत करताना म्हणायचे, "शेवट फसला. पुढचं?" की मावशी अर्धा तास त्या शेवटाची वकिली करायच्या. मास्तर मान हलवायचे. बाकीच्या चार खाटा फुकटात ऐकायच्या, आणि मीही.

असं तीन वर्षं चाललं. मग एका शुक्रवारी घात झाला. सातशे पानांची एक कादंबरी शेवटाला आली होती. पुस्तकाचं सगळं वजन डाव्या बाजूला झालेलं. उशी कलली, पुस्तक घसरलं आणि नेमकं नळीवर पडलं. यंत्र किंचाळायला लागलं. मी धावले. सुई हलून हात टम्म फुगला होता. दुसरीकडे सुई टोचावी लागली आणि पंधरा दिवस त्यांचा दंड जांभळा होता. मी ते पुस्तक उचलून दूर कट्ट्यावर टाकलं. मावशी म्हणाल्या, "ताई, पुस्तकावर रागावू नका. माझीच उशी कच्ची."

आमच्या सिस्टर रागावल्याच. त्या विभागाच्या प्रमुख. त्यांचं बोलणं थोडं आणि कायमचं असतं. "आजपासून जाड पुस्तक बंद. मासिक चालेल."

"मासिकात क्रमशः असतं हो," मावशी म्हणाल्या.

"मग क्रमशः वाचा."

मावशींची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिला ही हकिकत कळली आणि आठवड्याभरात तिने ई-बुक रीडर पाठवून दिला. पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी, पाटीसारखी वस्तू. मावशींनी तो उलटापालटा करून पाहिला. "याला पाठ आहे, पोट आहे, पण पुस्तक कुठाय?"

पण शिकल्या. तीन दिवसांत शिकल्या. वजन मुठीत मावणारं. अंगठ्याने कड दाबली की पान उलटतं. मोबाइलसारखा डोळ्यांत घुसणारा उजेड नाही. अक्षर हवं तेवढं मोठं. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर. पहिल्याच बुधवारी चार तासांत दोनशे वीस पानं झाली, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून कानात सांगितलं, "ताई, सिस्टरला सांगू नका, पण बरं झालं ते पुस्तक पडलं."

कुरकुरीही होत्या, आणि त्या लपवणाऱ्यातल्या मावशी नव्हेत. पुस्तक किती उरलं ते हाताला कळत नाही, नुसते टक्के दिसतात. "सत्तर टक्के म्हणजे काय? दुधात पाणी आहे का?" मागचं पान शोधायला गेलं की मन वैतागतं. त्यांना हवी ती जुनी मराठी पुस्तकं निम्मीअधिक त्यात मिळतच नव्हती. एकदा मुलीने ठराविक दिवसांसाठी घेतलेलं पुस्तक मुदत संपली म्हणून अर्ध्यातच नाहीसं झालं. मावशी दोन दिवस त्या पाटीशी बोलल्या नाहीत.

पण सर्वांत मोठी उणीव त्यांच्या उशिरा ध्यानात आली. खिडकीचा कट्टा रिकामा झाला होता.

"मावशी, काय वाचताय?" असं आता कोणी विचारत नव्हतं, कारण प्रेमकथा असो की प्रवासवर्णन, बाहेरून तीच करडी पाटी. आणि तारमास्तर चार तास डोळे मिटून पडून राहू लागले. मावशींनी विचारलं तर म्हणाले, "तुमच्या मागून मी काय वाचू? भिंत?"

मावशींना ते लागलं. त्या खास मास्तरांसाठी वाचनालयातून एक कोरी कादंबरी घेऊन आल्या. सोमवारी दिली. बुधवारी मास्तरांनी परत केली आणि म्हणाले, "छान आहे."

छान! मावशी बघतच राहिल्या. तीन वर्षांत मास्तरांच्या तोंडून 'छान' ऐकलेलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी पुस्तक चाळलं. छापखान्यात कापायची राहून गेल्यामुळे मधली आठ पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती. फाडल्याशिवाय ती वाचणं शक्य नव्हतं.

शुक्रवारी मला म्हणाल्या, "ताई, माझी खाट मास्तरांच्या बाजूला वीतभर सरकेल?" मी सरकवली. पडदाही अर्धा ओढला. मला थोडंच दिसत होतं, पण यंत्रांपाशी उभी असल्यामुळे ऐकू सगळं येत होतं.

"मास्तर, एकशे बाराव्या पानावर त्या वकिलाचं काय झालं?"

"हरला."

"त्या पुस्तकात वकील नाहीये. आणि ते पान जोडलेलं होतं. काल रात्री मी कात्रीने सोडवलं."



"डोळे का?" मावशींनी हळू आवाजात विचारलं.

"साखरेने खाल्ले. वर्ष झालं. मथळे दिसतात, बाकी मुंग्या."

"घरी काकूंना सांगितलंत?"

"ती रोज विचारते, आज काय वाचलंत. मी सांगतो काहीतरी. तिला बरं वाटतं."

म्हणजे वर्षभर मास्तर न वाचताच शेवट फसला म्हणून ठोकून देत होते आणि मावशींच्या वकिलीतून पुस्तकाचा अंदाज बांधत होते.  मावशींनी रीडर छातीवर टेकवला आणि अंगठ्याने अक्षर मोठं करत गेल्या, आणखी मोठं, आणखी, पानात जेमतेम सात ओळी मावतील इतकं. मग मला म्हणाल्या, "ताई, हे जरा मास्तरांना द्या. मी पेंगते थोडी."

साडेपाच वर्षांत मावशी पेंगलेल्या मी तेवढ्याच पाहिल्या, आणि तेव्हाही त्यांचा एक डोळा उघडा होता.

मास्तरांनी रीडर नाकाजवळ धरला, मग दूर, मग मधोमध. ओठ हलले. एक पान. अंगठा. दुसरं पान. दहा मिनिटांनी पडद्यापलीकडून आवाज आला, "हे तर तारेसारखं आहे. एका वेळी दहा शब्द."

"मग तुमच्याच खात्यातलं झालं की," मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या.

त्या दिवसापासून पहिले दोन तास मावशींचे आणि पुढचे दोन मास्तरांचे असा करार झाला. भांडणं मात्र दुप्पट. दोघांचं पुस्तक एकच असलं की रीडर शेवटचं पान लक्षात ठेवायचा, पण कोणाचं ते त्याला कळायचं नाही. मावशी उघडायच्या तर पुढचं गुपित फुटलेलं. मोठी केलेली अक्षरं परत लहान करायला मावशी विसरल्या की मास्तर टोमणा मारायचे, मोठी करायला मास्तर स्वतः कधी विसरत नसत. काकूंना मास्तरांनी स्वतःच सगळं सांगितलं. काकू पुढच्या शुक्रवारी मास्तरांना न्यायला आल्या, तेव्हा मावशींचा मोकळा हात धरून उभ्या राहिल्या. 

वर्षभराने मास्तर आणि काकूंना त्यांच्या मुलाने आपल्या गावी राहायला बोलावलं. तिकडच्या डायलिसिस केंद्रात जागा मिळाली. इथल्या शेवटच्या दिवशी मास्तरांनी ठरल्याप्रमाणे नऊ वाजता रीडर घेतला आणि अकराला परत करायला हात पुढे केला. मावशींनी घेतला नाही.

"असू द्या तुमच्याकडे."

"वेडबिड लागलंय? लेकीने दिलंय तुम्हाला."

"लेकीला विचारलंय मी. ती हो म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"माझे डोळे धड आहेत, मास्तर. मला फक्त एक हात कमी पडतो. हाताचं मी बघून घेईन."

मास्तरांनी तो हात तसाच काकूंकडे वळवला. काकूंनी रीडर पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला.

मला वाटलं, आता मावशी मासिकांवर दिवस काढणार. पण सोमवारी त्या आल्या आणि सिस्टरसमोर आठ पातळ पुस्तकं मांडली. शर्टाच्या घडीत घालतात तसल्या पुठ्ठ्याची वेष्टणं, पाठीला काजाच्या दोऱ्याची शिवण, वर शाईने एक ते आठ आकडे. रद्दीवाल्याकडून आणलेली सहाशे चाळीस पानांची कादंबरी त्यांनी शनिवारी उसवली होती.

"पुस्तक कापलंत?" मी ओरडलेच.

"कापलं नाही हो. पाठीचा गोंद सोडवला तर आत सगळी छोटी छोटी बाडंच शिवलेली निघाली. पुस्तक म्हणजे शेवटी अस्तर लावलेला कोटच. जिथे शिवलेलं, तिथे उसवलं."

सिस्टरनी पहिला भाग हातात घेऊन तोलला. मासिकापेक्षा हलका. दुमडून एका हातात धरता येत होता. "नळीवर पडला तरी चालेल," त्या म्हणाल्या. मग वेष्टण उघडून उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं. मग दुसरं. मावशींनी घसा खाकरला तेव्हा भाग परत मिळाला.

साडेआठला मावशींचा पहिला भाग संपला. मास्तरांच्या जागी आता बसमधल्या कंडक्टरताई होत्या. त्यांना पुस्तकाचं काही प्रेम नव्हतं, पण हात रिकामा होता. मावशींनी पहिला भाग त्यांना दिला आणि दुसरा उघडला. सव्वादहाला कंडक्टरताई म्हणाल्या, "मावशी, जरा आवरा ना, दुसरा द्या." पहिला भाग तोवर पाचव्या खाटेवर पोचला होता.

रीडरने हे कधी जमलं नसतं आणि अख्ख्या पुस्तकानेही नाही. एकच कादंबरी तीन माणसं एकाच सकाळी, एकामागोमाग वाचत होती. अर्थात गोंधळही झाले. एकदा तिसरा भाग कंडक्टरताईंच्या पर्समधून घरी गेला आणि पाचव्या खाटेवरच्या रंगाऱ्याने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

मुलीने पुढे दुसरा रीडर पाठवला. मावशींनी तो आनंदाने घेतला. बोटं सुजलेली असली, प्रवास असला किंवा हवं ते पुस्तक रद्दीत मिळेना, की त्या तोच वाचतात. माझ्या वडिलांसाठी घेऊ का म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "घ्या की. डोळ्यांना, हाताला त्याच्यासारखं सुख नाही. फक्त शेजारी कोण बसतं ते आधी बघा. एकटे वाचणार असतील तर रीडर. शेजारी भांडायला कोणी असेल तर मला सांगा, मी उसवून देते."

आतापर्यंत त्यांनी एकवीस पुस्तकं उसवून शिवली. दुपारच्या पाळीचे पेशंटही मागायला लागलेत, आणि एकट्या हाताने पुरे पडेना, म्हणून गेले तीन रविवार मी त्यांच्या घरी शिकायला जाते. त्या खुर्चीत बसून दोरा ओवून देतात, मी टाके घालते. परवा माझा पहिला भाग शिवून झाला. मावशींनी तो उजेडात धरला, पाठीवरून नख फिरवलं, आणि कात्री माझ्यापुढे सरकवली. सगळा उसवून पुन्हा शिवायला लावला.